नदीपल्याडची शिवी

आखाजी जवळ आली की मला शिव्या आठवतात. इतरांना आमरस आठवतो, खापरावरची पुरणपोळी आठवते, कडुलिंबाच्या फांदीला टांगलेले झोके आठवतात. ते मलाही आठवतं, नाही असं नाही. पण जळगावच्या रस्त्यांवरचं डांबर चपलेला चिकटायला लागलं, बाजारात नव्या घागरींच्या नि खापरांच्या चळती दिसल्या, की माझ्या कानात आधी शिव्याच वाजतात. चांगल्या ठसठशीत, हेल काढून दिलेल्या, वाळूवरून पलीकडे जाऊन दुप्पट होऊन परत येणाऱ्या.

जे खानदेशातले नाहीत त्यांच्यासाठी सांगते. अक्षय्य तृतीयेला आमच्याकडे आखाजी म्हणतात आणि तिचा मान दिवाळीपेक्षा मोठा. सासरी नांदणाऱ्या लेकी त्या सणाला माहेरी येतात. दिवाळीला एखादवेळ सासू अडवेल, आखाजीला तिची छाती होत नाही. पुरुष दिवसभर पत्ते कुटतात आणि त्या दिवशी त्यांना कोणी काही म्हणत नाही. आणि भडगावकडच्या, गिरणेच्या काठच्या आमच्या लहानशा गावात गौराई बुडवायच्या दिवशी बायका नदीवर जात आणि पल्याडच्या गावच्या बायकांना शिव्या देत. पल्याडच्याही कंबर कसून तयार असत. वैशाखात गिरणेला पाणी ते केवढं, मधून एक बारीक धार, बाकी सगळी वाळू. अल्याड आम्ही, पल्याड त्या. पुरुषांनी तिकडे फिरकायचं नाही. दिवस कलला की दोन्हीकडच्या घसा बसलेल्या बायका आपापल्या घरी जात, आणि पुढच्या बाजारी भेटल्या की एकमेकींच्या लेकरांना खाऊ देत. नदीवर बोललेलं नदीतच टाकून यायचं, अशी रीत.

आमच्या बाजूनं पुढे उभी राहायची ती अक्का. माझ्या वडिलांची, आबांची थोरली बहीण. धुळ्याला दिलेली. ती आखाजीला यायची ती जणू याच कामासाठी. आबांचं धोतर नेसायची, डोक्याला फेटा, ओठांवर चुलीतल्या कोळशाची मिशी, हातात काठी. अशी ती वाळूत उतरली की तिची चालही बदलायची. पाय फेंगडे टाकायची, खाकरायची, उगाच खिसा चाचपायची. गावचा पाटील हुबेहूब. खरा पाटील घरात पत्ते खेळत असायचा आणि त्याची बायको इकडे पोट धरून हसत असायची.

पलीकडून धुरपामाय आवाज द्यायची. ती पल्याडची म्होरकी, धिप्पाड, काळीसावळी, आवाज असा की झाडावरचे बगळे उठावेत.

"अय वं! तुम्हन्या केया वाकड्या, तुम्हना दादला त्येसपेक्षा वाकडा!"

केळीवरून नवऱ्यावर घसरणं ही तिची खास चाल. अक्का शांतपणे मिशी कुरवाळायची, वाळूत थुंकायची आणि मग म्हणायची, "वाकडा का व्हयेना, घरमा तरी शे! तुम्हना कथा गयात ते देखा पह्यले!"

तुमचे कुठे गेले ते आधी बघा, म्हटल्यावर आमच्या बाजूला हशाचा लोट उठायचा. मी तेव्हा लहान, अक्काच्या धोतराचा सोगा धरून उभी. पहिल्यांदा मीही काहीतरी ओरडले होते. पल्याडची एक बाई एका डोळ्यानं अधू होती, तिच्यावरून. अक्कानं तिथेच वाकून माझा कान धरला. मिशीतून म्हणाली, "मानूसले बोल. त्याना दुखनाले नई बोलानं. वांझोटीले वांझ नई, आंधयीले आंधयी नई. हाई शिवी नई, हाई पाप शे."

हा नियम मला अक्कानं शिकवला. म्हणून तिनं पुढे जे केलं तेही सगळं सांगायचं.

अक्का कोण होती हे आता बाहेरचे लोक मला समजावून सांगतात. गेल्या वर्षी ती गेली तेव्हा पेपरात तिचा फेट्यातला फोटो आला. अहिराणीत पूर्ण लांबीचं नाटक लिहिणारी आमच्या भागातली पहिली बाई, पुरुषांच्या भूमिका करणारी पहिली नटी, असं बरंच काही. खरंच होतं ते. धुळ्याच्या एका प्राथमिक शाळेत ती शिकवायची. गॅदरिंगसाठी नाटुकली लिहिता लिहिता तिनं मोठ्यांचं नाटक लिहिलं, पाणवठ्यावरच्या एका भांडणाचं. ते अहिराणीत आहे म्हटल्यावर गावातले नाटकवाले हसले. "अक्का, अहिराणीत बैल हाकतात, नाटक नाही करत." अक्का म्हणाली, "बैलले बी समजस. तुमलेच समजत नई." बाईच्या हाताखाली काम करायला पुरुष तयार होईनात, तर तिनं सगळी नाटक मंडळी बायकांचीच उभी केली. शाळेतल्या दोघी-तिघी, शेजारची शिवणकाम करणारी, आणि सिंधूबाई. सिंधूबाई सरकारी दवाखान्यात नर्स होत्या, जयंतीच्या कार्यक्रमांत गाऊन गाऊन त्यांचा आवाज तयार झालेला. अक्का नवरा व्हायची, सिंधूबाई बायको. अक्काचे यजमान तेलाच्या गिरणीत फिटर, ते दिवे सांभाळायचे. अशी ती वरात ट्रकात बसून पारोळ्याला जायची, भुसावळच्या रेल्वे वसाहतीतल्या हॉलात जायची, जत्रांमध्ये जायची.

तिची कामाची एक तऱ्हा होती. नाटकातले कपडे ती कधी विकत आणायची नाही, भाड्यानंही नाही. नात्यातल्या घरोघर जाऊन वापरलेले मागायची. "नवं कापड खोटं बोलस," म्हणायची. जुन्या कपड्यात माणसाचं बसणं-उठणं राहिलेलं असतं, तो अंगावर घातला की अर्धी भूमिका आपोआप येते, अशी तिची ठाम समजूत. आबांची अर्धी धोतरं तिनं अशीच नेली. आमची माय तिला दरवर्षी बोचकं बांधून द्यायची आणि वर म्हणायची, "नाटकमा तरी मनं लुगडं जाऊ दे, मी तं जात नई कोठे."

माय कुठे जात नव्हती हे खरं होतं. धाकट्या भावाच्या वेळी तिचं बाळंतपण अवघड झालं आणि तिला एक दुखणं जडलं. कोणतं ते मी लिहिणार नाही. बायकांना कळेल, पुरुषांनी कळून काही करायचं नाही. त्या दुखण्यापायी ती लग्नाकार्याला जाईना, देवळात बसेना, नदीवर तर नाहीच. चारचौघींत बसायची वेळ आली की दाराशी, उठायला सोपं अशा जागी बसायची. आणि पहाटे, गाव उठायच्या आधी, आबा तिची लुगडी धोतराच्या घडीत लपवून नदीवर नेत. डोहाशी बसून धूत, पिळत, उजाडायच्या आत परत आणत आणि मागच्या परसात, ज्वारीच्या कडब्याआड वाळत घालत. आबा गावात भारदस्त माणूस. भांडणं तोडायला लोक त्यांना बोलवत. बायकोचं लुगडं धुणारा पुरुष म्हणजे काय, हे त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. घरात याबद्दल एक अक्षर बोललं जात नसे. मी अंथरुणात जागी असायची, कडी निघाल्याचा आवाज ऐकायची आणि कूस बदलायची. एका आखाजीला अक्काही जागी असावी.

मी अकरावीला जळगावला वसतिगृहात राहायला आले, त्या हिवाळ्यात अक्काचं नवं नाटक धुळ्यात एका स्पर्धेत लागलं. नाव होतं 'पहाटनं धुनं'. अक्कानं हट्ट धरला की यंदा सगळ्यांनी यायचं, मायनंसुद्धा. एवढ्या वर्षांत मायनं नणंदेचं एकही नाटक पाहिलं नव्हतं. ती घाबरली, पण आतून हरखली होती. बिनपाण्याची राहिली सबंध दिवस, प्रवासात पंचाईत नको म्हणून. मी जळगावहून परस्पर आले. पहिल्या रांगेत आबा, माय आणि मी. माय खुर्चीच्या कडेला बसलेली, पाठ टेकायची सवयच नव्हती तिला.

पडदा वर गेला. रंगमंचावर एक दगड, पाण्यानं भरलेलं घंगाळ आणि अंधुक निळसर उजेड. फेटा बांधलेली अक्का चोरपावलांनी आली, इकडेतिकडे बघत. आबांची चाल. आबांचं खांदा पाडून चालणं, आबांचं ते पुटपुटणं. मी आबांकडे पाहिलं, ते हसत होते, बहीण आपली नक्कल करते म्हणून खूष. मग अक्का दगडाशी बसली, धोतराच्या घडीतून एक निळं लुगडं काढलं आणि उलगडलं. पदराला ठिगळ असलेलं.

आणि माझ्या शेजारून मायचा आवाज आला, चांगला मोठा, भाबडा, हरवलेली वस्तू सापडल्यासारखा.

"हाई ते मनं लुगडं शे!"

सगळं सभागृह हसलं. मागच्या रांगांतून टाळ्या पडल्या. माय आधी हसली, लोक हसतात म्हणून. मग तिला कळलं. तिला कळल्याचं मला तिच्या बोटांवरून समजलं, कारण तिनं माझं मनगट धरलं होतं आणि ती पकड घट्ट घट्ट होत गेली. मी मान खाली घातली. पुढचं नाटक मी ऐकलं. पाण्याचा आवाज, कापड दगडावर आपटल्याचा आवाज, सिंधूबाईंचं आतून कण्हणं, अक्काचं त्यांना आबांच्या आवाजात समजावणं. हशा विरत गेला. हळूहळू इतकी शांतता झाली की पिळलेल्या कापडातून गळणारे थेंब मोजता आले असते. मागे कोणीतरी बाई हुंदका देत होती. शेवटी टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेनात. लोक उभे राहिले असावेत, खुर्च्या वाजल्या. आम्ही तिघं बसून होतो.

मला तेव्हा वाटलेली लाज सांगते, कारण ती एकाच प्रकारची नव्हती. पहिली अगदी साधी, आपलं घरातलं चव्हाट्यावर आलं याची. दुसरी आबांची, त्यांच्या वतीनं. तिसरी लाज मात्र अजून गेलेली नाही. ते नाटक चांगलं होतं. मान खाली घालून, नुसतं कानांनी ऐकूनही ते चांगलं आहे हे मला समजत होतं, आणि मायची बोटं मनगटात रुतलेली असताना माझ्या अंगावर काटा आला होता. आपल्या आईच्या अब्रूवर उभं असलेलं काहीतरी सुंदर आहे, हे कळून माणसानं कुठे तोंड लपवावं?

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्काच्या घरी चहा झाला. माय आतल्या खोलीतून बाहेर आली नाही. अक्काच्या डोळ्यांखाली अजून काजळीचे डाग होते. बक्षीस तिलाच मिळणार असं रात्रीच लोक सांगून गेले होते. ती आबांपुढे बसली आणि म्हणाली, "भाऊ, तुनासारखा मानूस मी जलममा देखा नई. लोकेसले दखाडाले नको?"

आबांनी बशीतला चहा संपवला. त्यांचा आवाज चढला नाही.

"तू माले मोठं करं, अक्का. पन लुगडं तं तिनं व्हतं. तिले इचारं व्हतं का?"

अक्कानं रिकामी बशी उचलली आणि मोरीत नेऊन विसळली.

बक्षीस तिलाच मिळालं. पेपरात परीक्षण आलं, त्यात लिहिलं होतं की प्रेक्षकांमध्ये एक नटी बसवून तिच्या तोंडी ऐन वेळी ती ओळ देण्याची कल्पना धाडसी आणि अपूर्व आहे. आमच्या मायला एवढी दाद पुन्हा कधी मिळाली नाही. मी तो अंक वसतिगृहाच्या वाचनालयात वाचला आणि कोणी बघत नाहीसं पाहून घडी घालून ठेवून दिला.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, नाहीतर अक्कावर अन्याय होईल. त्या नाटकानंतर सिंधूबाई एकट्या आमच्या गावी आल्या. इतके दिवस त्या जिचं दुखणं रंगमंचावर करत होत्या ती बाई खरी आहे, हे त्यांना त्या ओळीनं कळलं होतं. त्यांनी मायला आत नेलं, दार लावलं, बऱ्याच वेळानं दोघी बाहेर आल्या. "वहिनी, हे बरं होतं," एवढंच मला ऐकू आलं. होळीच्या आसपास धुळ्याच्या दवाखान्यात मायचं ऑपरेशन झालं. सिंधूबाई उशाशी होत्या. आणि ते दुखणं गेलं. इतकी वर्षं बाई कुढत राहिली, बाप अंधारात धुणं धूत राहिला, आणि ते बरं होण्यासारखं होतं. कोणाला सांगितलं असतं तर. म्हणजे उघडं पडण्यातून माझी आई बरी झाली. हे मी अनेकदा मनाशी मांडून पाहिलं. हिशोब अक्काच्या बाजूनं झुकतो. तरीही ते मनगट आठवलं की मी पुन्हा खाली बघायला लागते.

मग आली आखाजी.

मार्चमध्ये माझी परीक्षा झाली होती, मी घरी होते. माय खापरावर पुरणपोळ्या करत होती, दोन्ही हातांवर पोळी फिरवत रुमालाएवढी मोठी करायची आणि अलगद टाकायची. चेहऱ्यावर आरोग्याची लाली. अक्का आली होती, पण दबकून. मायशी बोलायची ते पुरणाविषयी, आंब्यांविषयी. माय तिला जेवताना दोनदा तूप वाढायची. रागावली होती की नाही कळायला मार्ग नव्हता, आमच्याकडे राग तुपावरून ओळखता येत नाही.

गौराई बुडवायच्या दिवशी माय म्हणाली, "आज मी बी नदीवर येस."

सगळ्या एकमेकींकडे पाहू लागल्या. कारण प्रत्येकीच्या मनात एकच. त्याच महिन्यात भडगावला 'पहाटनं धुनं'चा प्रयोग झाला होता. पल्याडच्या गावचे ट्रॅक्टर भरभरून लोक गेले होते. धुरपामाय पुढच्या सतरंजीवर बसली होती म्हणे. धोतर नेसलेला तो पुरुष कोण आणि ते लुगडं कोणाचं, हे तिला काय, आंधळ्यालाही कळलं असतं. आणि नदीवर जीभ मोकळी असते. पल्याडच्यांच्या हाती असं हत्यार कधी लागलंच नव्हतं.

"वहिनी, ऊन शे," अक्का म्हणाली.

"मंग फडकं बांधस डोकाले," माय म्हणाली.

आम्ही गेलो. वाळू इतकी तापलेली की बायका उड्या मारत चालत होत्या. अक्कानं फेटा बांधला होता, कोळशाची मिशी रेखली होती, पण काठीवरची तिची बोटं घामेजली होती. माय मध्ये उभी राहिली, दाराशी नाही, कडेला नाही, मध्ये. पलीकडे त्या ओळीनं उभ्या. त्यांनी मायला पाहिलं. ओळीत जरा कुजबुज झाली, एकीनं दुसरीला कोपरानं ढोसलं.

धुरपामायनं सुरुवात केली. आमच्या विहिरीचं पाणी, त्यात न शिजणारी डाळ. आमच्या पाटलाची मिशी, खराटा नुसता. आमच्या बैलांची हाडं, आमच्या पोरींच्या वेण्या, आमच्या गावच्या ग्रामसेवकाची फटफटी. अक्का उत्तरं देत होती, पण दरवेळी तिचा आवाज अर्ध्यावर अडखळायचा, कारण ती पुढची शिवी काय येते याची वाट पाहत होती. आम्ही सगळ्याच पाहत होतो. लुगडं आता येणार, धुणं आता येणार. बैल झाले, मिशा झाल्या, केळी झाली. ऊन उतरायला लागलं. ती शिवी येईना.

ती आलीच नाही. पल्याडच्या एकाही बाईनं, एकाही पोरीनं ती उचलली नाही. नाटकाचा शब्द नाही, पहाटेचा नाही, कापडाचा नाही. आणि मग धुरपामायनं पदर कमरेला खोचला, धारेपर्यंत पुढे आली आणि सरळ मायकडे बोट दाखवलं.

"अय वं! तू कोन नवी उनी? तुनी पुरनपोयी आम्हनं कुत्रं बी सुंगत नई!"

एवढीच. साधी, पुरणपोळीची, कोणत्याही धडधाकट बाईला द्यावी तशी. मायचा चेहरा मी पाहिला. कित्येक वर्षांत तिला कोणी शिवी दिली नव्हती. लोक तिच्याशी हळू बोलायचे, वळसा घालून बोलायचे. तिनं डोक्याचं फडकं सोडलं, ते हवेत फिरवलं आणि ओरडली, "कुत्रं बी तुम्हनासारखंच! त्याले चव कथाईन कयी!"

दोन्ही काठ हसले. धुरपामाय तर वाळूत बसलीच हसून. माय लाल होऊन हसत होती, डोळ्यांतून पाणी काढून.

अक्का हसत नव्हती. तिनं फेटा उतरवला. त्याच फेट्यानं ओठांवरचा कोळसा पुसला, नीट, सावकाश, आणि बायकांच्या मागे जाऊन उभी राहिली. शिव्यांची बाजू आमची ढासळली, पण त्या दिवशी कोणी तिला पुढे बोलावलं नाही. परतीच्या वाटेवर मी तिच्या बरोबरीनं चालत होते. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "त्या शिव्या देवाले उभ्या व्हत्यात, तरी बोलन्या नई. मी गुन गावाले उभी व्हती." शिव्या द्यायला आलेल्यांनी तोंड आवरलं, आणि गुण गायला उभी राहिलेली ती बोलून गेली होती.

पुन्हा ती कधी नदीवर उतरली नाही. आखाजीला यायची, झोक्यावर बसायची, पोरींना गाणी सांगायची. नदीची वेळ झाली की म्हणायची, तुम्ही जा, मी पितरांच्या घागरीशी बसते.

नाटक तिनं बंद केलं नाही. ते तिला जमलं नसतं, आणि खरं सांगायचं तर आम्हालाही ते आवडलं नसतं. पण त्या वैशाखानंतरच्या प्रत्येक प्रयोगात लुगडं नव्हतं. घंगाळही नव्हतं. अक्का दगडाशी बसायची आणि रिकाम्या हातांनी धुवायची. उलगडायची, बुचकळायची, चोळायची, पिळायची, आणि हातात काही नाही. नाशिकला लोकांनी पाहिलं, मुंबईला पाहिलं. त्या रिकाम्या हातांवर लेख आले. कुणी म्हणालं ही अभिनयाची नवी वाट आहे, कुणी म्हणालं स्त्रीच्या अदृश्य कष्टांचं प्रतीक. अक्काला त्यावर सत्कार मिळाले, शाली मिळाल्या. भाषणाला उभी राहिली की कला वगैरे काही बोलायची नाही, आभार मानून खाली बसायची. लोकांना तो विनय वाटायचा. आबा एकदाच तो प्रयोग बघून आले, पारोळ्याला. घरी आल्यावर मायला म्हणाले, "तिनी लुगडं परत दिधं." आणि पायावर पाणी घ्यायला मोरीकडे गेले.

आबाही आता नाहीत. माय माझ्याकडे जळगावात असते. परवा इथल्या कॉलेजातल्या एक तरुण बाई घरी आल्या, टेपरेकॉर्डर घेऊन. अक्काच्या आठवणीसाठी त्यांच्या कॉलेजची मुलं 'पहाटनं धुनं' बसवताहेत आणि स्मरणिकेत मी पहिल्या प्रयोगाविषयी लिहावं अशी त्यांची इच्छा. मोठ्या उत्साहानं विचारत होत्या, "ताई, पहिल्या प्रयोगात प्रेक्षकांतून एक बाई ओरडते ना, ती ओळ संहितेत सापडत नाही. आम्हाला ती परत घ्यायची आहे. ती नटी कोण होती? भेटेल का आम्हाला?"

तेवढ्यात माय पन्ह्याचे पेले घेऊन आली. तिनं सगळं ऐकलं होतं. ट्रे ठेवला, पेला त्यांच्या हातात दिला.

"ती बाई कव्हयीच मरी गयी, पोरी," म्हणाली. "पन्हं ले. ऊनमाईन उनी तू."

त्या बाईंनी हळहळून वहीत काहीतरी टिपून घेतलं.

त्या गेल्यावर मी हे लिहायला बसले. स्मरणिकेसाठी थोडं, बाकीचं का कोण जाणे. लिहिता लिहिता वाटत होतं की मी तरी वेगळं काय करते आहे. अक्कानं दगडाशी बसून उलगडलं, मी टेबलाशी बसून. म्हणून ठरवलं, आबा म्हणाले होते ते तरी करायचं. विचारायचं. दुपारी माय आंब्याच्या फोडी उन्हात पसरून आत आली तेव्हा म्हटलं, "माय, अक्कावर लिहिलंय. तुझंही आहे त्यात. ऐक आणि सांग, छापू की फाडू."

"वाची दखाड," म्हणाली आणि जमिनीवर भिंतीला पाठ टेकून बसली. हल्ली ती पाठ टेकून बसते.

मी सगळं वाचलं. नदीपाशी ती हसली. आबांच्या चहापाशी डोळे मिटून बसली. संपल्यावर तिनं विचारलं,

"दुखनं कोन्तं ते लिखं का?"

"नाही."

"मंग ऱ्हाऊ दे. छाप." उठता उठता थांबली. "पन ते लुगडं निळं नई वं. हिरवं व्हतं. मना लगीनमा मना भाऊनी दिधेल. ठिगळ बी पदरले नई, काठले व्हतं. तू तं मनाजवळच बठेल व्हती, देखं नई का?"

इतकी वर्षं मी लोकांना सांगत आले की तो पहिला प्रयोग मी पहिल्या रांगेत बसून पाहिला. वर निळं लिहिलंय ते खोडत नाही, मी खरं किती पाहिलं होतं ते तेवढ्यावरून तरी कळेल. मायनं दोनदा विचारलं, केलं का हिरवं? मी हो म्हटलं.